टिचकीचा गळ गेला तळाला

ओढ्याकाठच्या बिळात टिचकी उंदरी राहायची. केवढी? तुझ्या अंगठ्याएवढी!

धाकटा भाऊ ढबू सकाळपासून रडत होता. "मासा हवा! मासा हवा!" रडून रडून नाक लाल.

टिचकी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. हातात काडी. काडीला दोरा. दोऱ्याला गळ, टाचणी वाकवून केलेला. मुठीत कणकेची गोळी.

गळाला चिमूटभर कणीक लावली, उरलेली मुठीतच. गळ टाकला, डुबुक! ओढ्यात इवले इवले मासे. पण एकही लागेना. टिचकी बसली. बसून बसून तिचे दात शिवशिवले. उंदराचीच जात ती! दोराच कुरतडला, कुरुम कुरुम, कट्! गळ गेला तळाला. अगं बाई, काय केलंस हे!

तळाशी होता खेकडा.

"खेकडेदादा, खेकडेदादा, गळ द्या.
गळ मिळाला की मासा मिळेल,
मासा मिळाला की ढबू हसेल!"

खेकडा म्हणाला, "अंहं! आधी भाताची चार शितं आण."

टिचकी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. काठावर शेवंतामावशी चूल फुंकत होती, फूऽ फूऽ.

"मावशी, मावशी, शितं द्या.
शितं दिली की खेकडा गळ देईल,
गळ मिळाला की मासा मिळेल,
मासा मिळाला की ढबू हसेल!"

मावशी म्हणाली, "भात कुठला गं पोरी? चूलच पेटेना मेली! आधी काटक्या आण."

टिचकी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. पुढे होतं जांभळाचं झाड.

"जांभूळआजोबा, जांभूळआजोबा, काटक्या द्या.
काटक्या दिल्या की मावशी शितं देईल,
शितं दिली की खेकडा गळ देईल,
गळ मिळाला की मासा मिळेल,
मासा मिळाला की ढबू हसेल!"

जांभूळ म्हणालं, "ही बकरी बघ, माझा पाला ओरबाडतेय. आधी तिला हटव."

टिचकी वळली बकरीकडे.

"बकरीबाई, बकरीबाई, बाजूला हटा.
बकरी हटली की जांभूळ काटक्या देईल,
काटक्या दिल्या की मावशी शितं देईल,
शितं दिली की खेकडा गळ देईल,
गळ मिळाला की मासा मिळेल,
मासा मिळाला की ढबू हसेल!"

बकरी म्हणाली, "बेंऽऽ! कानात गोचीड चावतोय. आधी तो काढायला कुणाला तरी आण."

टिचकी निघाली, तुरुतुरु तुरुतुरु. पाण्यात एका पायावर बगळा उभा.

"बगळेभाऊ, बगळेभाऊ, गोचीड काढा.
गोचीड निघाला की बकरी हटेल,
बकरी हटली की जांभूळ काटक्या देईल,
काटक्या दिल्या की मावशी शितं देईल,
शितं दिली की खेकडा गळ देईल,
गळ मिळाला की मासा मिळेल,
मासा मिळाला की ढबू हसेल!"

बगळा म्हणाला, "पोटात कावळे ओरडतायत. आधी मला मासा दे."

"अहो, मासाच तर नाहीये ना माझ्याकडे!"

टिचकी मटकन खाली बसली. फार फार रडू आलं तिला. डोळे पुसायला मूठ उघडली, तर काय? कणीक! तिने कणीक कुस्करली. पाण्यात टाकली. इवले मासे गोळा झाले, बुळुक बुळुक.

बगळ्याने चोच मारली, चट्! मासा गट्टम!

बगळ्याने गोचीड काढला, टक्!
बकरी हटली, बेंऽऽ!
जांभळाने काटक्या दिल्या, पटापटा.
चूल पेटली, भात शिजला, रटरट रटरट.
मावशीने शितं दिली. चार नाही, पाच!
खेकड्याने चार खाल्ली. गळ वर आला.

टिचकीने दोऱ्याला गाठ मारली. पाचवं शीत गळाला लावलं. डुबुक! दोरा हलला. खेच, खेच, खेच... मासा आला! केवढा? तुझ्या नखाएवढा!

टिचकी घरी पळाली. ढबूने मासा तोंडात टाकला. मिटक्या मारल्या. खुदकन हसला.

आणि म्हणाला, "ताई, अजून एक!"

मासा पोटात, गोष्ट कानात. चला, आता तोंड धुवा!