अंधाराची अक्षत

एक होता राजा. इकडचा नव्हे हं, वरचा. पार वरचा. सोपान, पाय आत घे. आणि यमू, गोधडी सगळी आपल्याकडे ओढू नकोस. हां. तर त्या राजाचं नाव होतं लखलखराव. हसायला काय झालं? आकाशातल्या राजाचं नाव काय गणपतराव असणार?

लखलखरावाच्या राज्यात माणसं नव्हती. सगळे तारेच तारे. म्हातारे तारे लालसर, तरणेताठे निळेशार. आणि या ताऱ्यांना एकच नाद, फुगडीचा. सगळं राज्य गोल गोल फिरायचं. मधल्यांनी फिरायचं, कडेच्यांनी फिरायचं, दमायचं म्हणून नाव नाही.

आणि फुगडीच्या बरोबर मधोमध होता एक डोह. काळाकुट्ट. तो डोह म्हणजे कोण, माहीत आहे? लखलखरावाचा खापरपणजा. तोही एकेकाळी राजाच होता, सगळ्यांत मोठा, सगळ्यांत तेजस्वी. पण भारी खादाड. दिसेल ते गिळायचा, कुणाला कणभर द्यायचा नाही. मग काय झालं, तो झाला जड. इतका जड झाला, इतका जड झाला, की स्वतःचा भार स्वतःला पेलेना. मग तो आतल्या आत बसत गेला. डोंगराएवढा होता, तो नारळाएवढा झाला. नारळाएवढा होता, तो तिळाएवढा झाला. त्याच्यापुढे किती बारीक झाला, ते कुणालाच ठाऊक नाही. उरला तो नुसता डोह. त्यात पडलं ते पडलं. उजेडसुद्धा आत गेला तर परत येत नाही, बरं का.

राजाला तीन मुली. थोरली ज्योत, मधली पणती आणि धाकटी ठिणगी. ठिणगी म्हणजे शेंडेफळ, राजाचा जीव की प्राण. ती नेहमी फुगडीच्या पार कडेला. तिथं वारं चांगलं लागतं म्हणे!

एकदा काय झालं, ज्योतीचं लग्न ठरलं. राजाघरचं कार्य, मग काय विचारता! मांडव पडला, रुखवत मांडलं, घरोघर आमंत्रणाची अक्षत गेली. लाल ताऱ्यांना गेली, निळ्या ताऱ्यांना गेली, शेपटीवाल्या धूमकेतूलासुद्धा गेली, आणि तो तर कधी वेळेवर येत नाही.

राजाची एक म्हातारी आत्या होती. ती म्हणाली, "लखू, अंधाराची अक्षत राहिली रे."

त्या घराण्याची रीतच तशी होती. कार्य निघालं की घरातल्या कर्त्या माणसानं राज्याच्या वेशीवर जायचं, काळोखाकडे तोंड करायचं, दोन तांदूळ ठेवायचे आणि म्हणायचं, घरचं कार्य आहे, सगळ्यांनी यायचं. तिथं कोण राहतं? कुणी पाहिलं नव्हतं. ना घर दिसायचं, ना दार, ना चुलीचा धूर. पण वाडवडील म्हणायचे, तिकडे आपले भाऊबंद आहेत. आपण मूठभर आहोत, ते पोतंभर आहेत.

राजा हसला. म्हणाला, "आत्या, जे दिसतच नाहीत त्यांना बोलावू? उद्या पंगतीत वाढू कुणाला, काळोखाला?"

आत्या म्हणाली, "मानाचं आहे रे ते. मानात चुकलं की भाऊबंद रुसतात."

"रुसू देत. दिसणार थोडेच आहेत रुसलेले!"

झालं. अक्षत काही गेली नाही. आता मला सांगा, आपल्याकडे लग्नात कुणाचा मान चुकला तर काय होतं? तुमच्या आईच्या लग्नात माझ्या धाकट्या मामंजींना पत्रिका टपालानं गेली, घरी जाऊन दिली नाही. एवढंच. तर ते मांडवाबाहेर बाकावर बसून राहिले, आत यायला तयार नाहीत. शेवटी तुमच्या आजोबांनी हाताला धरून आणले.

इकडे लग्नाचा दिवस आला. वाजंत्री वाजायला लागली. सगळे तारे फुगडी धरून उभे राहिले. आणि मग गंमत बघा. आजवर ते इतक्या जोरात फिरायचे, तरी कुणी भेलकांडत नव्हतं. का नव्हतं, ते कुणी कधी विचारलंच नाही. तर त्या दिवशी फुगडी सुरू झाली, एक फेरा झाला, दुसरा झाला, आणि तिसऱ्या फेऱ्याला कडेचे तारे सटासट सुटायला लागले! फुगडीत हात सुटला की काय होतं? उन्हाळ्यात सोपान कुठं आपटला होता? हौदावर. अगदी तस्संच. आणि सगळ्यांच्या कडेला कोण होतं? ठिणगी. ती गेली भिरभिरत. कुठं गेली, कुणाला दिसलं नाही.

वाजंत्री थांबली. लग्न राहिलं बाजूला. राजाच्या तोंडचं पाणी पळालं.

पहिल्यांदा तो धावला डोहाकडे. त्याला वाटलं, खापरपणज्यानं गिळली माझी पोर! काठावर उभा राहून त्यानं हाक मारली. हाक आत गेली, ती गेलीच. पण त्या डोहाची एक खूण आहे. जो कुणी आत पडतो, त्याची शेवटची लाली काठावर रेंगाळत राहते, मग हळूहळू विझते. राजानं एक एक लाली निरखून पाहिली. ठिणगीची नव्हती. त्याचा जीव भांड्यात पडला. पण त्या काठावर वेळ फार सावकाश जातो, बरं का. राजाला वाटलं, मी क्षणभरच थांबलो. परत येऊन बघतो तर मांडवाचे हिरवे टहाळे वाळून कोळ झालेले.

मग तो धावला बाहेर, राज्याच्या वेशीपलीकडे. तिकडे मोठं थोरलं अंगण आहे. लांबवर त्याला दिसली एक लालसर चिमणी ठिणगी. "ठिणगे, थांब!" म्हणत तो पळत सुटला. पण ते अंगण साधंसुधं नव्हतं. ते वाढत होतं. आंबवलेलं पीठ कसं रात्रीतून फुगतं, तसं राजाच्या आणि लेकीच्या मधलं अंगण फुगत होतं. राजा एक पाऊल टाकी, तोवर मधे दोन पावलांची जागा नवी उगवे. कोण वाढवतं ते अंगण? मला नाही ठाऊक. दुर्बिणीवाल्या मोठमोठ्या लोकांनाही नाही ठाऊक, मग मला काय विचारता?

राजा पळून पळून दमला. ठिणगी बारीक होत गेली. आणि मग दिसेनाशीच झाली.

मग राजा मटकन खाली बसला. एवढा मोठा राजा, पण लेकरापुढे कोण कसला राजा! मुकुट काढून ठेवला आणि रडला. रडता रडता उपरण्याच्या घडीत हात गेला, तर तिथं लग्नाचे चार तांदूळ अडकलेले. तेव्हा त्याला आत्या आठवली.

तो उठला आणि काळोखाकडे तोंड करून उभा राहिला. पण ताठा असा लगेच जातो थोडाच! म्हणाला, "मी लखलखराव. माझा हुकूम आहे, माझी मुलगी आणून द्या." काळोख गप्प.

मग म्हणाला, "प्रत्येकाला शालजोडी देतो. पहिल्या पंगतीला चांदीचं ताट देतो." काळोख गप्पच. रुसलेल्या माणसाला चांदीचं ताट दाखवलं की तो जास्तच रुसतो, एवढंही त्याला कळू नये!

मग राजानं मान खाली घातली. म्हणाला, "माझं चुकलं. तुम्ही दिसत नाही, म्हणून तुम्ही नाहीच असं मी धरून चाललो. घरचं कार्य आहे. तुमच्यावाचून होत नाही. या."

आणि त्यानं ते चार तांदूळ काळोखात सोडले. ऐका हं. तांदूळ खाली पडले नाहीत. कुणीतरी ओंजळीत झेलावेत तसे अधांतरी थांबले.

राजा तसाच उभा राहिला. श्वाससुद्धा मोठ्यानं घेईना. आणि मग त्याच्या हाताला ओढ लागली. कुणी दिसलं नाही, नुसती ओढ. हळूहळू सगळ्या राज्यालाच ओढ लागली. भेलकांडलेले तारे एक एक करून आपापल्या जागी आले. लाल आले, निळे आले. राजा प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता, पण ठिणगी काही त्यांत नव्हती. आणि सगळ्यांच्या शेवटी, अगदी सावकाश, रमत गमत आली ठिणगी.

राजानं तिला उचलून पोटाशी धरलं. म्हणाला, "बाळे, एवढ्या काळोखात एकटी होतीस. किती भ्यायली असशील!"

ठिणगी म्हणाली, "एकटी कुठं होते, बाबा? माझा हात धरला होता ना."

"कुणी?"

"ते नाही दिसलं. पण मी गेले तिथं तेही आले. मुळीच सोडला नाही."

राजाला उमगलं. रुसले होते ते राजावर. आजवर फुगडीला त्यांचाच आधार होता, ती सगळी सोडून निघून गेले होते. पण पोरीवर कोण रुसतं? तिचा हात काही त्यांच्यानं सोडवला नाही. राजानं भाऊबंदांना बोलावलं नव्हतं, आणि त्याची लेक भाऊबंदांच्याच कडेवर होती. राजाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण बरंही वाटलं, फार बरं वाटलं.

मग नवा मांडव पडला. ज्योतीचं लग्न झालं. जेवायला कोण कोण होतं, ते काही मोजता आलं नाही. फुगडी पुन्हा रंगली, ती अजून चालूच आहे. डोह आपल्या जागी आहे, अंगण वाढतंच आहे, आणि ठिणगी कडेला वारं खात फिरते आहे. सगळे सुखात आहेत.

काय गं यमू? ते दिसत का नाहीत? ठाऊक असतं तर मी सांगितलं नसतं का! झोपा आता. मी दिवा मालवते. मी इथंच आहे.