अकरा वल्ही

"माझा दादा कुठाय?" बंदरावर परतलेल्या प्रत्येक शिपायाला धाऊने विचारले, पण एकानेही तोंड उघडले नाही. उघडणार कसे? शंखद्वीपाचा राजा रणध्वज याने दवंडीच पिटली होती, "या लढाईत आपला एकही माणूस पडला नाही!" दादाच्या होडीवरचे, दादासकट अकरा वल्हेकरी मात्र परतले नव्हते. त्या बेटावर मेलेल्या वल्हेकऱ्याचे वल्हे किनाऱ्यावर रोवत आणि त्यानंतरच घरचे रडत. मेलाच नाही म्हटल्यावर वल्हे कसले आणि रडणे कसले!

धाऊ तडक विजयसभेत घुसला.

"महाराज, अकरा जण तुमच्या सैन्यातून पळालेत. माझा सख्खा भाऊही त्यांतलाच. तशी दवंडी पिटा!"

राजा ताडकन उठला. "जीभ आवर, पोरा! रणध्वजाच्या सैन्यातून आजवर कुणी पळालेलं नाही!"

"मग मेले?"

"कुणी मेलं नाही!"

"पळाले नाहीत, मेले नाहीत, मग घरी का आले नाहीत? काहीतरी एक बोला, महाराज. आमच्या आया दारात बसल्यात."

सभेला आलेले परक्या बेटांचे वकील गालात हसू लागले. पळपुट्यांचा राजा म्हणवून घेणे रणध्वजाला जमणारे नव्हते.

"मेले," तो पुटपुटला. "लढता लढता मेले. रोवा वल्ही."

पण त्या अकरा जणांची वल्ही त्यांच्या होडीबरोबरच बुडाली होती. धाऊ सरळ राजाच्या युद्धनौकेवर चढला. नव्या मोहिमेवर ती उद्याच निघायची होती. तिची अकरा वल्ही त्याने खांद्यावरून किनाऱ्यावर आणली आणि एकेक करून वाळूत खोल रोवली.