कासवाकडची खोटी नाणी

“त्या कासवाकडे म्हणे खोटी नाणी...” एवढं बोलून पोपट उडून गेला. प्राणी आपला बाजार भरवायचे, त्या काळची ही गोष्ट.

साळुंकीने ते ऐकलं आणि तडक शेजारच्या खारीला गाठलं. खारीला जुन्या नाण्यांचा भारी नाद. पावसाळ्यासाठी साठवलेल्या सगळ्या शेंगा देऊन ती आज एक शिवराई घेणार होती.

“खारूताई, कासवाकडे नको गं बाई! कावळ्याची नाणी बघ, कशी लखलखतात.”

दोघी बाजारात कावळ्याच्या दुकानापुढे आल्या. कावळा म्हणाला, “हात लावू नका, चकाकी जाईल. लवकर बोला, गिऱ्हाईक थांबलंय.”

खार कासवाकडे वळली. त्याने दोन काळपट शिवराया तिच्या पंजात ठेवल्या. “यातली एक खोटी आहे, ताई. ओळखा बरं.”

खारीने दोन्ही उलटसुलट करून पाहिल्या. “ही! हिच्या कडेला साच्याची रेघ आहे.”

“शाबास! आता बाजारात कुठेही जा.”

खार परत कावळ्याकडे गेली आणि तो “अहो, अहो” करेपर्यंत तिने त्याचं नाणं उचललंसुद्धा. कडेला तश्शीच रेघ होती. तिने शेंगा कासवापुढे ओतल्या.

घरी येताना साळुंकी म्हणाली, “पण कासवाकडे खोटी नाणी आहेत, हे काही मी उगाच नव्हते सांगत हो!”