रिकामा डबा

सरपंच अप्पासाहेबांच्या दारात जीप होती, पण मळ्याची वाट अरुंद. म्हणून एकदा त्यांनी शाळासोबती शिवदास शिंप्याची मोटारसायकल मागून नेली. टाकी त्यानं सकाळीच भरलेली. दिवसभर गाडी हिंडवून सरपंचांनी ती संध्याकाळी शिवदासच्या अंगणात आणून लावली, अन् मिशीला पीळ देत निघून गेले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच शिवदासच्या वडिलांचं तोंड लकव्यानं वाकडं झालं. त्यानं त्यांना पाठीशी बांधून गाडी काढली. गाडी वेशीबाहेर बंद पडली. टाकीत थेंब नव्हता. दवाखाना गाठेपर्यंत दुपार झाली. म्हाताऱ्याची उजवी बाजू गेली, वाचाही गेली.

दिवाळीत सरपंचांकडून फराळाचा डबा आला. शिवदासच्या घरी यंदा कढई चढलीच नव्हती. डबा धुऊन तसाच परत गेला.

अप्पासाहेबांनी त्याला पारावर चारचौघांत गाठलं. "काय रे, डबा रिकामाच धाडलास? दुसऱ्याची वस्तू रिकामी परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी. एवढी रीत ठाऊक नाही तुला?"

शिवदास खाली बघत म्हणाला, "ठाऊक होती, अप्पासाहेब. म्हणून तर त्या सकाळी टाकी उघडून न बघताच बापाला गाडीवर घेतलं."



संध्याकाळी सरपंचांनी टाकी काठोकाठ भरून दिली. पण आता घाईनं जायचं कुठं, ते शिवदासला कळेना.