‘नये’ मावेल एवढी ओळ

एकदा एक वृद्ध माळी दिवसभर अर्धीच वाक्यं बोलत राहिला, आणि त्याच्या शिष्येला वाटलं, बाबांना काहीतरी झालंय.

माळ्याचं नाव रखमाजी. नदीपलीकडे त्याची पाऊण एकराची रोपवाटिका होती. शाळेत तो दोनच वर्षं गेलेला, त्यामुळे वाचायचा ते अक्षर अक्षर जुळवत, सावकाश; पण झाडाकडे बघून त्याला काय हवं नको ते सांगायचा. शिष्या होती मैथिली. आठवड्याचे पाच दिवस ती शहरात बसून मोबाइलची ॲप तयार करी आणि सुट्टीला गावी आली की रविवारी सकाळी बाबांकडे कलम बांधायला शिके. दीड वर्षात तिनं बांधलेली सगळी कलमं वाळून गेली होती. एक मात्र आता कुठे कोंबाचा डोळा उघडत होतं, एका आंब्याचं.

गुरूला काहीतरी द्यावं म्हणून तिनं रोपवाटिकेचं ॲप केलं. कुंडीला बांधलेल्या चिठ्ठीवर मोबाइल धरला की त्या रोपाची यादी उघडायची: पाणी किती, ऊन किती, खत कधी, छाटणी कशी. प्रत्येक सूचनेला एक ओळ. शब्द बाबांचे, रूप तिचं. रूपावर तिनं तीन आठवडे घालवले. एक ओळ पांढरी, एक फिकट पोपटी. कडा गोलसर. डाव्या अंगाला इवलंसं पान. आणि सगळ्या ओळींची उंची एकसारखी, केसाचाही फरक नाही. ओळीत न मावणारे शब्द ॲप आपणच आवरून घेई आणि पुढे तीन टिंबं ठेवून देई.

“बघा बाबा, कशी शिस्तीत दिसते यादी.”

“दिसते खरी,” बाबा म्हणाले होते.

आता यात पणाला काय लागलं होतं ते सांगतो. बाबांच्या झोपडीमागे अनंताचं एक जुनं झाड होतं, त्यांच्या बायकोनं लग्नाच्या साली लावलेलं. त्याचं खोड आतून पोखरत चाललं होतं. पुढचा पावसाळा ते बघेल अशी आशा बाबांनी सोडली होती. म्हणून वर्षभर खपून त्यांनी त्याच्या फांद्यांची दोनशे रोपं केली. गावातले कापडाचे व्यापारी झुंबरशेठ यांनी ती सगळीच्या सगळी मागून घेतली. त्यांच्या मुलीचं लग्न येत्या गुरुवारी होतं, आणि प्रत्येक पाहुण्याच्या हाती एक रोप द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. दोनशे रोपं दोनशे घरी जाणार होती. ती जगली तर झाड जगलं.

तर त्या रविवारी मैथिली आली, तेव्हा बाबा रोपवाटिकेतल्या वेलीच्या मांडवात बसले होते.

“पोरी, शेवंतीच्या वाफ्याला आज पाणी घालू…” एवढं म्हणून ते गप्प झाले.

तिनं झारी उचलली आणि वाफा भिजवला. बाबा बघत राहिले. वाफा पहाटेच भिजवलेला होता हे तिला पाय चिखलात रुतल्यावर कळलं.

“बाबा, पाणी तर झालं होतं की.”

बाबांनी नुसती मान हलवली.

मग चहा झाला. “माझ्या चहात आज साखर टाकू…” बाबा म्हणाले. तिनं दोन चमचे टाकले. बाबांनी घोट घेतला, डोळे मिटले आणि पेला अलगद तिच्याकडे सरकवला.

“तुम्हाला साखर बंद केलीय का डॉक्टरांनी?”

“हो.”

“मग टाकू नको म्हणायचं ना.”

“तेच म्हणत होतो.”

मैथिलीला आता काळजी वाटू लागली. वय झालंय, बोलता बोलता विसरत असतील. घरी गेल्यावर बाबांच्या मुलाला फोन करावा, असंही तिच्या मनात आलं. तेवढ्यात बाबा उठले आणि तिच्या त्या आंब्याच्या कलमापाशी जाऊन उभे राहिले. जोडावर तिनं बांधलेली पट्टी अजून घट्ट होती.

“ही पट्टी आज सोडू…”

तिचा हात गाठीकडे गेला आणि तिथेच थांबला. दीड वर्षात जगलेलं हे एकच कलम. जोड कच्चा असला तर पट्टीबरोबर डोळाही गळून पडणार.

“सोडू या, की सोडू नको?” तिनं विचारलं. “बाबा, नीट सांगा. अर्धं बोलू नका.”

तेव्हा म्हातारा पोट धरून हसला. हसून झाल्यावर म्हणाला, “नको सोडू. अजून महिनाभर नको. तू समोर उभी होतीस म्हणून विचारलंस. झुंबरशेठनं कुणाला विचारायचं?”

“झुंबरशेठचं काय?”

बाबांनी मांडवाच्या मागून एक कुंडी आणली. अनंताचं रोप होतं, त्या दोनशेतलंच, शेठनी आधी नमुन्याला म्हणून नेलेलं. पानं कडेनं करपलेली, मान टाकलेली. मैथिली त्याच्याकडे बघते न बघते तोच फाटकाशी रिक्षा थांबली आणि झुंबरशेठ स्वतःच उतरले. घाम पुसत आत येऊन त्यांनी पहिला प्रश्न कुंडीलाच केला.

“कशी आहे आमची पेशंट?”

“वरचे दोन डोळे हिरवे आहेत,” बाबा म्हणाले. “वाचेल. शेठ, जरा या पोरीला सांगा, काय केलंत ते.”

“मी काय केलं? तुमच्या ॲपनं सांगितलं तसंच केलं.” शेठनी मोबाइल काढून तिच्यासमोर धरला. “हे बघ ताई. पहिले पंधरा दिवस कुंडी उन्हात ठेवू, टिंब टिंब टिंब. मी म्हटलं, पुढे ‘या’ असणार. ठेवू या. केवढ्या आपुलकीनं सांगतंय म्हटलं. गच्चीवर नेऊन ठेवली, भर वैशाखात. आमच्या सौभाग्यवती म्हणाल्याही, अहो, सावलीत असू द्या. मी म्हटलं, तुला जास्त कळतं का ॲपला?”

“त्या काय म्हणाल्या?”

“काय म्हणणार? आठ दिवस त्या ॲपचं नाव घेऊनच मला जेवायला वाढतायत.”

मैथिलीचा चेहरा उतरला. तरी ती म्हणाली, “पण ओळीवर बोट टेकवलं की पूर्ण वाक्य उघडतं.”

“मला काय ठाऊक?” शेठ म्हणाले. “दुकानाची पाटी वाचायला कुणी पाटीवर बोट ठेवतं का?”

यावर बाबांनाही हसू आवरेना. मग ते खाटेवर टेकले आणि मैथिलीला समोर बसवून सावकाश बोलले.

“पोरी, तुझ्या ओळी मी मोजून पाहिल्या. माझे सहा-सात शब्द झाले की तुझी ओळ भरते. म्हणून म्हटलं, आज आपणही तसंच तोडून बोलून बघू. आपल्या बोलण्याची रीत अशी आहे की आधी पाणी येतं, मग ऊन येतं, मग कुंडी येते. आणि हो की नाही, ते अगदी शेवटी येतं. ते शेवटचं कापलं, तर राहिलेलं सगळं खरं असूनही खोटं होतं. रोप बघितल्याशिवाय आपण त्याला कुंडी देत नाही. तू मात्र आधी ओळीची उंची ठरवलीस आणि मग त्यात माझं बोलणं बसवलंस. तुझी यादी देखणी आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ज्याला दोन शब्द सांगायचे त्यालाही तेवढीच जागा आणि ज्याला चार ओळी लागतात त्यालाही तेवढीच, याला सारखं वागवणं म्हणत नाहीत, बाळ. सारखं वागवणं म्हणजे प्रत्येकाचं शेवटपर्यंत ऐकून घेणं.”

लॅपटॉप काढून मैथिली मांडवाच्या सावलीत बसली. शेठ शेजारी स्टूल ओढून बसले, कारण लग्न त्यांच्या घरचं होतं आणि आता त्यांचा कशावरच भरवसा उरला नव्हता.

ओळींच्या उंचीचा जो ठरलेला आकडा होता, तो तिनं पुसून टाकला. त्याच्या जागी ओळीला एवढंच सांगितलं, की तुझ्यात जेवढे शब्द असतील तेवढी तू उंच हो. मग यादी पुन्हा उघडली. एक ओळ बोटभर, तिच्याखालची तळहाताएवढी, मग परत बोटभर. आजवर वरखाली घासून निघणाऱ्या वेलांट्या आणि उकारही मोकळे झाले होते.

“वेडीवाकडी दिसते,” ती पुटपुटली.

“आमच्या खानदानाचा फोटो असाच दिसतो,” शेठ म्हणाले. “कुणाला बाहेर काढू?”

ती हसली. मग तिला एक सुचलं. ज्या ज्या ओळीत ‘नये’ होतं, तिला तिनं पोपटीऐवजी फिकट तांबडा रंग दिला आणि चारी बाजूंनी थोडी मोकळी जागा सोडली. बाबांनी मोबाइल हातात घेतला. अक्षर अक्षर जुळवत पहिली ओळ वाचली, मग दुसरी. चौथ्या ओळीला ते थांबले.

“हे मी म्हटलेलं का?”

“तुम्हीच. मार्च महिन्यात. मी तसंच टिपून घेतलं होतं.”

“मग बरं बोललो होतो,” बाबा म्हणाले आणि मोबाइल परत दिला.

गुरुवारी लग्न लागलं. जेवणं उरकल्यावर मांडवाच्या दाराशी रोपं वाटायला सुरुवात झाली. रजा टाकून आलेली मैथिली मठ्ठ्याचा पेला घेऊन खांबाआड उभी होती. पाहुणे रोप घेत होते, चिठ्ठीवर मोबाइल धरत होते.

नऊवारीतल्या एक आजी रोप कडेवर घेऊन उन्हाच्या सीमेशी थांबल्या. नातीचा मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरून त्या मोठ्यानं वाचू लागल्या. त्यांचे यजमान चार पावलं पुढे गेले होते.

“अगं चल, एसटी जाईल.”

“थांबा हो जरा. अजून वाक्य संपायचंय.”

आणि त्यांनी ते पहिल्यापासून पुन्हा वाचलं: “पहिले पंधरा दिवस कुंडी उन्हात ठेवू नये. रोप नवीन घरात बुजलेलं असतं. त्याला घर ओळखीचं होऊ द्यावं.”

आजींनी क्षणभर मांडवात बसलेल्या नवरीकडे पाहिलं. मग पदर ओढून रोपाच्या डोक्यावर धरला आणि त्या उन्हात उतरल्या. यजमान मागे वळून त्यांच्यासाठी थांबले होते.