घुशीचं तळघर

फार जुनी गोष्ट. चिंचेच्या मुळांशी बकुळा नावाची घूस राहायची. तिच्या बिळाखाली एक अंधारं, कुबट तळघर होतं. तिने त्यातली सगळी अडगळ उपसली, उजेडासाठी वरून भोक पाडलं आणि जमीन शेणाने अशी झकास सारवली, की शेजारची सायाळ म्हणाली, "अगं बाई, इथे तर जरा पाठ टेकावीशी वाटते!"

"थांब! ओलं आहे, पाऊल उमटेल," बकुळा ओरडली.

दुसऱ्या दिवशी जमीन वाळली, पण कोपऱ्यात बारीक तडा दिसला. बकुळेने पुन्हा सारवलं. मग हे रोजचंच झालं. सायाळ दारातूनच परत जायची आणि रिकाम्या तळघराला पुन्हा कुबट वास यायला लागला.

एके सकाळी सायाळीची तीन पिल्लं आईला चुकवून ओल्या सारवणावरून दुडुदुडु आत पळाली. बकुळेने कपाळावर हात मारला. मग तिने खाली पाहिलं. दारापासून आतपर्यंत चिमुकली पावलं उमटली होती, गौरी घरात आणताना काढतात तशी.

"आता पुन्हा सारवशील ना गं?" सायाळीने भीतभीत विचारलं.

"सारवतेय कशाला!" बकुळा हसली. "तू दारात का उभी? ये की आत, तुझंही पाऊल उमटू दे."