यमुनाकाकूंचा जबाब

हे दोन हजार चारमध्ये घडले की पाचमध्ये, याची मला खात्री नाही. शब्दही थोडे इकडेतिकडे झाले असतील. यमुनाकाकूंना अल्झायमर असल्याचे नुकतेच कळले होते. डोके शाबूत आहे तोवर घर विधवा सुनेला लिहून द्यावे, म्हणून त्या मृत्युपत्र नोंदवायला कराडच्या कचेरीत आल्या. मी साक्षीदार होतो. घरावर डोळा असलेला पुतण्या वकील घेऊन हजर होता.

निबंधकांनी विचारले, "आजी, यजमानांचं नाव?"

काकू पदराशी चाळा करत गप्प राहिल्या.

"नोंदवा साहेब," वकील म्हणाले, "नवऱ्याचं नावही आठवत नाही. हिचं मृत्युपत्र कसं चालेल?"

"विसरले नाही हो. आमच्यात ते असं नुसतं घेत नाहीत," काकू म्हणाल्या आणि त्यांनी उखाणा घेतला:

"वार विसरते, तारीख विसरते, विसरते चष्म्याचं घर;
त्र्यंबकरावांचं घर सुनेला देते, वकीलसाहेब, लिहा भरभर."

नोंदणी झाली. काकू गेल्यावर पुतण्याने दावा लावला. त्या निकालाची नक्कल मी बऱ्याच वर्षांनी मिळवून वाचली. निबंधकांनी उखाणा जबाबात जसाच्या तसा उतरवला होता, आणि काकूंचे डोके ठिकाणावर असल्याचा पुरावा म्हणून कोर्टाने तोच धरला होता.